उघडं एक, कळ्या पाच

१

बातमी आली तेव्हा मी बहाव्याची फांदी शिवत होते. मंगळवार होता, साडेदहा वाजून गेले होते.

वनस्पतिसंग्रहालयात माझं काम शिवणाचं. गोळा करणारे लोक रानातून फांद्या आणतात, त्या टिपकागदांत दाबून वाळवतात आणि गठ्ठे बांधून पाठवतात. माझ्या टेबलावर त्या येतात तेव्हा पुठ्ठ्यासारख्या चपट्या झालेल्या असतात. मी त्या जाड पांढऱ्या कागदावर मांडते, थोडा डिंक लावते आणि जाड देठ दोऱ्याने शिवून टाकते. उजव्या कोपऱ्यात लेबल. असा कागद नीट ठेवला तर दोनशे वर्षं टिकतो. मी हे काम एकोणतीस वर्षं करते आहे.

फोन भावजयीचा होता.

"ताई, बसलेल्या आहात ना?"

"बसलेलीच असते मी. बोल."

"यांच्या फोनवरून कुणीतरी मला फोन केला होता. तलावावरचा रखवालदार म्हणे. साहेब झाडाखाली बसलेत आणि बोलत नाहीत, म्हणतो."

"कामात असेल तो. कळ्या मोजताना हाक मारली तर ओ देतो का कधी? पाणी मार म्हणावं तोंडावर."

"ताई," ती म्हणाली आणि थांबली. मग म्हणाली, "तो म्हणतो, सकाळपासून बोलत नाहीत."

माझी सुई अर्ध्या टाक्यात होती. मी तो टाका पूर्ण केला, मागे गाठ मारली, दोरा कापला आणि मग उठले. हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही.

२

माझ्या धाकट्या भावाला घरात, शाळेत आणि पुढे संग्रहालयातही सगळे फांद्या म्हणत. लहानपणी तो शाळेतून दप्तर विसरून यायचा, पण हातात फांदी असायचीच. आई म्हणायची, हा एक दिवस अख्खं झाड दारातून आत घेऊन येईल. मोठा झाल्यावर त्याने त्याचंच काम केलं. तेहतीस वर्षं तो रानोमाळ हिंडून नमुने गोळा करत होता आणि त्यांतली एकोणतीस वर्षं मी ते शिवत होते. "मी तोडतो, ताई जोडते," असं तो नव्या लोकांना सांगायचा. लांब काठीच्या कात्रीने एकदा त्याच्या डाव्या हाताचं अंगठ्याशेजारचं बोट अर्ध्यावर नेलं होतं. तेव्हापासून काहीही मोजायची वेळ आली की हात पुढे करून म्हणायचा, "माझ्यात अर्धं कमी धरा."

डॉक्टर म्हणाले, हृदय. बसल्या बसल्या. पाठ खोडाला टेकलेली होती आणि मांडीवर वही होती. झाड सावरीचं, जुनं, बुंध्यावरचे काटे झिजून गेलेलं. कागदपत्रं पुरी व्हायला चार दिवस लागले आणि ते चार दिवस तो शवागारात होता. ओळख पटवायला मी गेले. तिथल्या माणसाने कप्पा ओढला तेव्हा आतून पांढरी गार वाफ आली आणि खाली माझ्या पायांवर उतरली.

त्याच दिवशी दुपारी संग्रहालयाच्या गाडीने त्याचा शेवटचा गठ्ठा आला.

आमच्याकडे बाहेरून आलेला कोणताही गठ्ठा आधी सात दिवस फ्रीजरमध्ये जातो. उणे वीस. फांद्यांत बारीक भुंग्यांची अंडी असतात, ती मरायला हवीत. नाहीतर एका गठ्ठ्यापायी सगळं संग्रहालय पोखरून निघतं. आत ठेवल्याची तारीख, बाहेर काढल्याची तारीख आणि सही, अशी एक वही फ्रीजरला दोरीने बांधलेली आहे. सही माझी असते.

मी झाकण उघडलं. पांढरी वाफ वर आली आणि माझ्या पायांवर उतरली.

मी झाकण लावलं. गठ्ठा उचलून आपल्या टेबलाखाली, पाय ठेवायच्या फळीमागे सरकवला. वहीत तारीख घातली, सही केली. सात दिवसांनी बाहेर काढल्याची तारीख घातली आणि पुन्हा सही केली. तोवर एकोणतीस वर्षांत असं मी कधीच केलं नव्हतं. तेव्हा ते चुकीचं वाटलं नाही. तो गारठ्यात असताना त्याच्या हातचं शेवटचं कामही गारठ्यात घालणं मला जमलं नाही, एवढंच.

३

गठ्ठ्यात एकच फांदी होती. बोटभर जाड, टोकाला फुलांचा झुबका. सोबत आलेल्या त्याच्या वहीतली शेवटची नोंद बारीक, उजवीकडे कललेल्या अक्षरात होती: नंबर ६२१४. सावर. झाड पूर्ण निष्पर्ण. या फांदीवर उघडं एक, कळ्या पाच. पानांसाठी पुन्हा येणे. फांदीच्या शेजारी पिवळी फीत बांधली आहे.

सावरीसारख्या पानगळीच्या झाडांचा हा एक घोळ असतो. ती आधी सगळी पानं टाकून देतात आणि मग उघड्याबोडक्या फांद्यांवर फुलतात. फुलं असतात तेव्हा पानं नसतात आणि पानं येतात तोवर फुलं गेलेली असतात. एका फेरीत दोन्ही मिळत नाहीत. म्हणून गोळा करणारा त्या झाडाला खूण करून येतो, तीन-चार महिन्यांनी पुन्हा जातो आणि त्याच झाडाची पानं आणतो. दोन्ही एकाच नंबराखाली, एकाच कागदावर लागतात. फुलं वरच्या अर्ध्या भागात, पानं खालच्या. पानं येईपर्यंत खालचा अर्धा कागद कोरा ठेवायचा आणि तो नमुना 'अर्धवट' लिहिलेल्या लोखंडी कपाटात ठेवायचा. ते कपाट माझ्या टेबलाच्या मागेच आहे.

नंबरांचाही एक नियम आहे. गोळा करणारा पहिल्या फांदीला एक नंबर देतो आणि पुढे आयुष्यभर तीच मोजणी चालते. माणूस गेला की मोठ्या नोंदवहीत त्याच्या शेवटच्या नंबराखाली तांबड्या शाईने रेघ मारतात. पण शेवटचा नंबर अर्धवट असेल तर रेघ मारता येत नाही.

"पानं मिळाली की मारू," आमच्या मॅडम म्हणाल्या. त्या संग्रहालयाच्या प्रमुख, फांद्यापेक्षा दहा वर्षांनी लहान. त्याच्याच हाताखाली शिकलेल्या. रेघेचं त्यांनीच पुढे ढकललं ते मला बरं वाटलं.

भावजयीला मी हे सांगितलं.

"म्हणजे तुमच्या वहीत ते अजून आहेत?"

"वहीत आहे."

"असू दे मग. घाई करू नका."

मी ती फांदी अकरा टाक्यांत शिवली. देठाला पाच, उघड्या फुलाच्या खाली एक आणि पाच कळ्यांना एकेक. कळ्या मोठ्या होत्या, अंगठ्याएवढ्या, दाबून चपट्या झालेल्या. मी पांढरा दोरा वापरला, शेवटची गाठ मागे मारली. खालचा अर्धा कागद कोरा ठेवला. कागद दुमडपत्रात, म्हणजे मधोमध दुमडलेल्या जाड कागदात, घालून अर्धवट कपाटात ठेवला.

सोळा दिवसांनी दुसऱ्या एका नमुन्यासाठी मी ते कपाट उघडलं आणि हात लागला म्हणून तेही दुमडपत्र उघडून पाहिलं. उघडी दोन होती. कळ्या चार.

४

आधी मला वाटलं, माझीच मोजायची चूक असेल. त्या दिवसांत मी घराला कुलूप लावून ते लागलं का बघायला दोनदा परत जात होते.

पण टाका तुटलेला होता. डावीकडून दुसऱ्या कळीवरचा दोरा ताणून तुटला होता, त्याची दोन टोकं फुलाच्या दोन बाजूंना वर आली होती. फुलाच्या पाच जाड पाकळ्या उलगडून कागदावर पसरलेल्या होत्या आणि मधले पुंकेसर नीट, एकमेकांवर न चढता, पंख्यासारखे मांडलेले. मी कधीच इतके नीट मांडू शकले नसते. सगळं कोरडं होतं, तपकिरी, दाबलेलं. जणू ते फूल उघडंच दाबलं होतं.

लेबलं करणारे काका माझ्या समोरच्या टेबलावर बसतात. निवृत्त होऊन पुन्हा कामावर आलेले आहेत. घरी करमत नाही म्हणतात, घरचे म्हणतात आम्हाला करमू देत नाहीत. मी विचारलं, "काका, वाळलेली कळी उघडते का हो?"

"दमट हवेत ताणते कधीकधी. का?"

"काही नाही. टाका तुटला एक."

"दोरा जुना असेल. मी दहा वेळा सांगितलं, नवीन रीळ मागवा. पण इथे माणसं बदलतात, रीळ बदलत नाही."

दमट हवा. मी ते कारण घेतलं आणि घरी गेले. अर्धवट कागदांचा फोटो काढायची पद्धत नाही, पूर्ण झाल्यावरच काढतात. तेव्हा ताडून पाहायला काही नव्हतं. दुसरं कारण मला ठाऊक होतं, पण ते मी काकांना सांगू शकत नव्हते. गठ्ठा फ्रीजरमध्ये गेलाच नव्हता. आत कीड असेल. अळी कळीला आतून ढकलत असेल.

शेजारच्या तीन कपाटांत फांद्याचे सहा हजार कागद होते. तेहतीस वर्षांचे. त्याला मूलबाळ नव्हतं. त्याच्या मागे राहिलं ते एवढंच, आणि ते मी कीड लावून घालवत होते.

मी कपाटात चिकट पट्ट्या लावल्या, रोज सकाळी भिंग घेऊन बघायचे. पट्ट्यांवर धूळ होती. भुंगा नाही, अळी नाही. कीड लागली की कागदावर बारीक भुसा पडतो, तोही नाही. कळ्या मात्र उघडत होत्या. साधारण आठवड्याला एक. टाके तुटत होते आणि मी नवे घालत नव्हते.

आवाज पहिल्यांदा आला तो जेवणाच्या सुट्टीत. सगळे खाली गेले होते, पंखे बंद होते, उन्हाची तिरीप काकांच्या टेबलावर पडली होती. माझ्या पाठीमागे, कपाटाच्या आत, 'थप' असं झालं.

हा आवाज मला माहीत आहे. ज्याने सावरीखाली उभं राहून पाहिलं आहे त्या प्रत्येकाला माहीत असतो. सावरीचं फूल जाड आणि पाण्याने भरलेलं असतं. ते तरंगत येत नाही, दगडासारखं पडतं. लहानपणी फांद्याला मी म्हणायचे, झाडाखालून बाजूला हो, डोक्यात पडेल.

वाळलेल्या फुलाचं वजन एका कागदाच्या कपट्याएवढं असतं. ते पडलं तर आवाज होत नाही.

५

कपाट उघडलं तेव्हा दुमडपत्रात एक फूल देठापासून सुटून खाली आलं होतं. ते पहिलंच, त्याने मोजलेलं 'उघडं एक'. मी ते चिमट्याने उचललं. हलकं होतं, कोरडं. कागदावर जिथे पडलं होतं तिथे थोडासा गोल डाग होता.

मग मी फांदीवरची जागा भिंगाखाली धरली.

इथे मला फांद्याचं एक व्याख्यान सांगायला हवं, कारण ते ऐकल्याशिवाय मला काय दिसलं ते कळणार नाही. नवीन मुलं कामाला आली की तो त्यांना खिडकीशी नेऊन बाहेरचं झाड दाखवायचा.

"सांगा, पान का गळतं?"

कुणीतरी म्हणायचं, "वाळतं म्हणून. मरतं म्हणून."

"चूक. सगळेच चुकतात, माझी ताईसुद्धा चुकली होती," असं म्हणून तो माझ्याकडे बघायचा. "पान गळत नाही, झाड ते सोडतं. देठाच्या बुडाशी झाड एक बारीक थर तयार करतं, बुचासारखा. आधी जखम बुजवतं, मग पान सोडतं. म्हणून पान पडलेल्या जागी रक्त, म्हणजे चीक, येत नाही. गुळगुळीत वण राहतो. फुलाचंही तेच. हे करायला जीव लागतो. आता ती मोडून लोंबणारी फांदी बघा. मेलेली आहे. वाळलेली पानं अजून धरून बसली आहे ना? मेलेल्याला सोडता येत नाही. सोडणं हे जिवंताचं काम."

हे ऐकून मुलं वहीत लिहून घ्यायची. काका दरवेळी म्हणायचे, "हा झाडांचा वैद्य आहे की कीर्तनकार, तेच कळत नाही."

भिंगाखाली जी जागा होती ती तुटलेली नव्हती. वाळलेलं फूल तुटलं तर तंतू राहतात, फाटल्यासारखी कड राहते. इथे गोल, गुळगुळीत वण होता, बुचाच्या थराने नीट बुजलेला. मध्ये वाहिन्यांचे ठिपके, ओळीत. मी असे हजारो वण पाहिले आहेत. ते जिवंत झाडावरून उतरवलेल्या फांद्यांवर असतात, तोडण्याआधी तयार झालेले. हे फूल फांदी तोडली तेव्हा जागेवर होतं. मी स्वतः त्याच्याखाली टाका घातला होता.

म्हणजे वण माझ्या कपाटात तयार झाला होता.

मी भिंग पुसून पुन्हा पाहिलं. मग चष्मा पुसून पाहिलं. काका म्हणाले, "काय सापडलं?"

"काही नाही. धूळ."

त्या आठवड्यात उरलेली सगळी फुलं एकेक करून सुटली. प्रत्येक वेळी दुपारी, प्रत्येक वेळी 'थप'. दुसऱ्यांदा आवाज झाला तेव्हा काकाही जागेवर होते. त्यांनी मान वर केली, कपाटाकडे पाहिलं आणि म्हणाले, "उंदीर झालेत वाटतं." मग पुन्हा लेबल लिहायला लागले. मी त्यांचे फार आभार मानले, मनातल्या मनात.

६

उन्हाळा सरत आला तेव्हा मॅडमनी सांगितलं की अर्धवट कपाट महिनाअखेरीला रिकामं करायचं आहे. जे नमुने पूर्ण झाले ते जागेवर जातील, जे झाले नाहीत ते निकालात निघतील. "तुमच्या भावाचा तेवढा पूर्ण करून घ्या," त्या म्हणाल्या. "माझी इच्छा आहे. कागद पूर्ण झाला की पुन्हा एकदा फ्रीजरमध्ये सात दिवस, आणि मग जागेवर. वहीतली रेघ मीच मारेन."

मी भावजयीला फोन केला. ती म्हणाली, "मी गाडी काढते. मला ती जागा बघायची आहे."

तीन तासांचा रस्ता होता. तिने गाडी शांतपणे चालवली. एका वळणावर म्हणाली, "तुम्ही दोघं झाडांवर बोलायला लागलात की मी खुर्चीसारखी बसायचे. लग्न झाल्यावर पहिल्याच आठवड्यात हे मला म्हणाले होते, 'ताई विचारते आहे, तुझ्या माहेरच्या अंगणात कोणतं झाड आहे.' मला वाटलं, चांगलं घर आहे, माहेराची चौकशी करतात."

"मी विचारलंच नव्हतं."

"माहीत आहे हो. त्यांनाच विचारायचं होतं."

आम्ही दोघी हसलो. बऱ्याच दिवसांनी.

तलावाच्या काठी सावरीची बारा-पंधरा झाडं होती. सगळी हिरवीगार, पाच-सात पर्णिकांची, म्हणजे सुट्या पात्यांची, पानं हाताच्या पंजासारखी पसरलेली, खाली फुटलेल्या बोंडांचा कापूस. रखवालदार आम्हाला बघून पुढे आला. चप्पल काढून उभा राहिला, मग बहुधा आपण चप्पल का काढली ते त्याला कळेना म्हणून पुन्हा घातली.

"साहेबांच्या घरच्या ना? ते टोकाचं झाड. पण बाई, ते झाड खुळं झालंय."

टोकाचं झाड फुललेलं होतं.

जवळ गेल्यावर दिसलं की फुलं तपकिरी आहेत, वाळलेली. प्रत्येक फांदीच्या टोकाला झुबका, आणि प्रत्येक झुबक्यात, मी जितके मोजू शकले त्यात, उघडं एक आणि कळ्या पाच. पान एकही नव्हतं. पिवळी फीत जागेवर होती.

"त्या दिवसापासून एक फूल खाली पडलं नाही," रखवालदार म्हणाला. "बकऱ्या येतात फुलं खायला. खालून वर बघतात आणि जातात."

मी नखाने साल खरवडली. आत हिरवा थर असायला हवा, तो नव्हता. झाड मेलेलं होतं. जुनी झाडं मरतात. मेलेलं झाड फुलं सोडत नाही, तेव्हा तीही जागेवर होती. यात न समजण्यासारखं काही नव्हतं. फक्त झुबक्यातला तो आकडा सारखा का, एवढंच मला सांगता येत नव्हतं.

भावजय बुंध्याशी गेली. तो बसला होता तिथे, खोडाला पाठ टेकून, खाली बसली. आणि लगेच उठली.

"ताई, इथे हात लावून बघा."

भर दुपार होती. झाडाला पान नव्हतं, म्हणून सावलीही नव्हती. ऊन सरळ मातीवर पडत होतं. मी तळवा टेकवला. माती गार होती. पाण्याशेजारच्या मातीसारखी नाही. कोरडी आणि गार, बोटांना चिकटेल अशी. हा गारवा मला ओळखीचा होता. मी हात काढून घेतला आणि पदराने पुसला.

"पाणी जवळ आहे म्हणून असेल," मी म्हणाले.

"असेल," ती म्हणाली. तिने माझ्याकडे पाहिलं नाही.

परत निघताना ती शेजारच्या हिरव्या झाडाशी थांबली. "याची पानं घ्या ना. सावरच आहे. कुणाला कळणार आहे?"

"त्याला कळेल."

ती गाडीकडे वळली. गाडीत बसल्यावर तिने किल्ली फिरवली नाही. स्टिअरिंगवर हात ठेवून म्हणाली, "मी तुम्हाला घाई करू नका म्हणाले होते. ते चुकलं माझं. आता संपवा, ताई. ती रेघ मारून टाका. त्यांनाही कुठेतरी..." मी म्हणाले, "संपवते."

७

सोमवारी सकाळी मी सगळ्यांच्या आधी गेले. सांगायला सोपं होतं: झाड मेलं, पानं मिळाली नाहीत, नमुना निकालात काढा. मॅडमनी मान डोलावली असती.

दुमडपत्र बाहेर काढताना जड लागलं.

खालच्या कोऱ्या अर्ध्यात पान होतं.

ते फांदीच्या टोकातून निघून खाली वळलं होतं आणि कागदाच्या बरोबर मध्ये पसरलं होतं. कडेपासून दोन बोटं जागा सोडून, जशी मी सोडते तशी. कोवळं नव्हतं, पुरतं वाढलेलं होतं आणि चपटं दाबलेलं. रंग मात्र गेलेला नव्हता. देठाच्या बुडाशी फुगवटा, तो जिवंत पानाला असतो तसा. मी भिंग आणि पेन्सिल घेतली, कारण नमुना समोर आला की आधी नोंद करायची, ही सवय आहे. पान पंजासारखं. देठ लांब. पर्णिका...

मधली लांब, तिच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन. एका बाजूची, मधलीच्या लगतची, अर्ध्यावर संपलेली होती. फाटलेली नव्हती, किडीने खाल्लेलीही नव्हती. कड गुळगुळीत होती, जुनी जखम भरून येते तशी.

पानं अशी निघतात. कळीतच दुखावलं असेल तर पर्णिका आखूड राहते. मी पाहिली आहेत. मी नोंद केली: पर्णिका साडेचार. मग तिच्याकडे बघत बसले आणि खोडरबराने ती पुसली.

दहा वाजता मॅडम येऊन गेल्या. टेबलावरच्या बंद दुमडपत्राकडे पाहून म्हणाल्या, "मिळाली पानं?"

"मिळाली."

"झालं मग. आजच फ्रीजरमध्ये टाका, म्हणजे महिनाअखेरीला बाहेर येईल."

अकराला भावजयीचा फोन आला. "झालं का, ताई?"

"होईल आज."

मी कागद घेऊन फ्रीजरच्या खोलीत गेले. दार लावून घेतलं. मनाशी सगळं स्पष्ट होतं. कीड असेल तर ती मरायला हवी, सहा हजार कागदांसाठी. आणि कीड नसेल, दुसरं काही असेल, तर त्याचंही हेच. तोडणाऱ्याचं काम संपलं, शिवणारीचं उरलं होतं, आणि ते सात दिवसांचं होतं. त्यानंतर एक तांबडी रेघ आणि सगळे मोकळे. सोडणं जिवंताचं काम आहे, हे माझ्याच भावाने मला शिकवलं होतं.

मी दुमडपत्र उघडं करून दोन्ही हातांवर धरलं आणि कोपराने झाकण वर ढकललं. वाफ वर आली. कागदाच्या कडेवरून आत शिरली, पानावर पसरली.

पान मिटलं. झटका बसल्यासारखं नाही. सावकाश, टोकांकडून आत, एकामागून एक, जशी थंडीत बोटं मिटतात. माझा अंगठा कागदाच्या कडेवर होता. आखूड पर्णिका त्याच्यावर आली आणि तिथेच राहिली.

ती गार नव्हती.

झाकण खाली पडल्याचा आवाज आला, म्हणजे मीच कोपर काढला असणार. किती वेळ उभी होते ते सांगता येणार नाही. बाहेरून काकांनी दार वाजवलं, "ताई, आत गोठलात की काय?" आणि मी "आले, आले" म्हणाले.

आज हे लिहिते आहे तेव्हा त्या गोष्टीला बारा दिवस झाले. अर्धवट कपाट रिकामं झालं आहे. मॅडमनी नोंदवहीत रेघ मारली, सरळ, पट्टी धरून. मला बोलावून दाखवली आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. भावजय फोनवर रडली आणि म्हणाली, आता बरं वाटतं. काल दुपारी, जेवणाच्या सुट्टीत, फांद्याच्या तीन कपाटांपैकी मधल्यातून 'थप' असा आवाज आला. थोड्या वेळाने शेवटच्यातून आला.

फ्रीजरच्या वहीत ६२१४ च्या पुढे आत ठेवल्याची तारीख आहे, बाहेर काढल्याची तारीख आहे आणि दोन्हींपुढे माझी सही आहे. कागद माझ्या टेबलाखाली, पाय ठेवायच्या फळीमागे आहे. तो अजून आत ठेवायचा राहिला आहे.